टेस्टर पेटला म्हणजे फेज आला असं नाही

पावसाळा लागला की या सदराकडे येणारे प्रश्न एकदम एकाच बाजूला झुकतात, मोटर जळाली, लिफ्ट बंद, लाईट कमी-जास्त. यावेळी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेले पाच प्रश्न घेतले आहेत. पहिल्या उत्तराला जास्त जागा दिली आहे, कारण त्यातली चूक मी गेली कित्येक वर्षं बघतोय आणि त्यापायी चांगल्या मोटरी भंगारात गेलेल्या बघून खरंच जीव तुटतो.

प्रश्न : आमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप साडेसात एचपीचा आहे. तीन महिन्यात दोन वेळा मोटर जळाली, दोन्ही वेळा रिवाइंडिंग केलं. वायरमन येतो, टेस्टर लावतो, तिन्ही फेजला पेटतो, म्हणतो सप्लाय ओके आहे, तुमची मोटरच गेलीये नवीन घ्या. कमिटीत आता नवीन मोटर की दुसरा रिवाइंडिंगवाला यावरून वाद चालू आहे. काय करावं?
— सोसायटीचे सेक्रेटरी, कोपरखैरणे

उत्तर : सेक्रेटरी साहेब, अजून आठ दिवस दोन्हीपैकी काहीच करू नका. नवीन मोटर लावलीत तर तीही जळेल असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतंय, कारण तीन महिन्यात दोनदा जळणं हे मोटरचं दुखणं नसतं, मोटरला जे मिळतंय त्याचं असतं. माझा संशय सिंगल फेजिंगवर आहे, म्हणजे आर, वाय आणि बी अशा वीज आणणाऱ्या ज्या तीन तारा, म्हणजे फेज, असतात त्यातला एक मधेच कुठेतरी तुटतो आणि मोटर उरलेल्या दोनावर ओढत राहते.

आता टेस्टरचं बघा. टेस्टरमधला छोटा निऑन दिवा पेटायला अगदी नगण्य करंट लागतो. बी फेज मेन स्विचमध्येच तुटला असला तरी आर आणि वाय मोटरच्या वाइंडिंगमध्ये शिरतात आणि तिथून बी च्या तारेवर उलटे परत येतात, त्यामुळे पॅनलमध्ये बी ला टेस्टर लावला की तो पेटतो, आणि वायरमन म्हणतो तिन्ही फेज आहेत. तो खोटं बोलत नाहीये, त्याला टेस्टरने फसवलंय. मोटर जागेवर अडलेली असेल तर मीटरवर हे फार स्पष्ट दिसतं, आर-वाय मध्ये ४१५ व्होल्ट, पण आर-बी आणि वाय-बी मध्ये साधारण २०७-२०७, आणि बी ते न्यूट्रल (करंट परत नेणारी चौथी तार) १२० च्या आसपास. १२० वर टेस्टर आरामात पेटतो. मोटर फिरत असताना तर अजून घोटाळा, कारण फिरणारी मोटर स्वतःच त्या तुटलेल्या फेजवर व्होल्टेज तयार करते आणि तिन्ही रीडिंग बऱ्यापैकी सारखी दिसतात. म्हणून चालू मोटरला व्होल्टेजपेक्षा करंट बघायचा. क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमट्यासारखं लावून करंट मोजायचं मीटर) घ्या, पंप चालू करा, तिन्ही तारांवर एकेक करून लावा. साडेसात एचपीला पूर्ण लोडला अंदाजे ११ अँपिअर लागतात, तुमचा पंप समजा १० घेत असेल तर तिन्हीकडे दहाच्या आसपास दिसायला हवं. एकीकडे शून्य आणि उरलेल्या दोघांकडे १७ दिसलं तर उत्तर मिळालं. एक फेज गेला की तेवढंच काम करायला बाकीच्या दोघांना साधारण पावणेदोन पट करंट ओढावा लागतो.

जळलेल्या वाइंडिंगचा फोटो रिवाइंडिंगवाल्याकडे असेल तर मागून घ्या, तो तुमचा पंचनामा आहे. तिन्ही फेजच्या कॉइल सारख्याच काळ्या असतील तर पंप जाम झाला, ओव्हरलोड झाला किंवा व्होल्टेजच कमी होतं. पण काळी कॉइल, मग चांगली तांबूस कॉइल, परत काळी, असे गोल फिरत ठराविक अंतराने पट्टे दिसले तर तो सिंगल फेजिंगचा शिक्का आहे. मोटरची तीन वाइंडिंग डेल्टा किंवा स्टार अशा दोन पद्धतींनी जोडतात, डेल्टा जोडणीत एकाच फेजच्या कॉइल जळतात आणि दोन वाचतात, स्टारमध्ये दोन जळतात आणि एक वाचते. तुमच्यासारखी साडेसातची मोटर बहुतेक डेल्टात असते.

तुम्ही विचाराल की मग स्टार्टरने बंद का नाही केली. दोन कारणं सापडतात आणि बहुतेक वेळा दोन्ही एकत्र असतात. एक म्हणजे कॉन्टॅक्टरची (स्टार्टरमधला चुंबकाने ओढला जाणारा स्विच) कॉइल दोनच फेजवर असते, समजा आर आणि वाय वर, त्यातला एक गेला तर कॉन्टॅक्टर लगेच सुटतो आणि मोटर वाचते, पण बी गेला तर त्या कॉइलला पत्ताच लागत नाही आणि ती धरून बसते. म्हणूनच काही सोसायट्यांत "कधी बंद पडतो कधी जळतो" असा प्रकार दिसतो, कोणता फेज गेला त्यावर सगळं. दुसरं कारण ओव्हरलोड रिलेची छोटी चकती. करंट जास्त झाला की हा रिले मोटर बंद करतो, आणि किती अँपिअरला ते ही चकती ठरवते. पंप सारखा ट्रिप होतो म्हणून कोणीतरी स्क्रू ड्रायव्हरने ती ११ वरून १८ ला नेऊन ठेवतो, आणि मग १७ अँपिअरला रिले गप्प बसतो. तुमची चकती कुठे आहे ते आजच बघा. मोटरच्या प्लेटवर जो अँपिअरचा आकडा आहे त्यावर ती हवी, एवढं जरी असलं असतं तरी रिलेने काही मिनिटांत मोटर सोडवली असती.

आता फेज तुटतो कुठे ते शोधायचं. पंप चालू ठेवून मीटरची दोन टोकं एकाच फेजच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या बाजूला लावायची, आधी मेन स्विच, मग फ्यूज, मग कॉन्टॅक्टर, मग रिले. चांगल्या जोडावर रीडिंग जवळपास शून्य येतं, जिथे पाच-पंचवीस व्होल्ट दिसतील तिथे दुखणं. हे काम चालू लाईनवर आहे, तेव्हा लायसन्सवाल्या वायरमनकडूनच, हातमोजे घालून, कमिटीतल्या कोणी हौसेने हात घालायचा नाही ही माझी हात जोडून विनंती आहे.

मागे ऐरोलीला खाडीच्या बाजूच्या एका सोसायटीत असंच होतं. मेन स्विचचं झाकण उघडलं तर वरून सगळं नीटनेटकं, पण बी फेजच्या लगवरची (लग म्हणजे तारेच्या टोकाला दाबून बसवलेलं धातूचं टोपण) निळी स्लीव्ह चहासारखी तपकिरी पडून कडक झालेली, सप्लाय बंद करून खात्री केली आणि तार हलकेच ओढली तर लगमधून हातातच आली. अल्युमिनियमची केबल, तांब्याचा लग, मधे हिरवट-पांढरी पूड. खारी हवा आणि पावसाळी ओल असली की हा जोड दोन-तीन वर्षांत असा होतो. थंड असताना तो जोड टेकलेला असायचा म्हणून सकाळी वायरमन आला की सगळं ठीक, आणि पंप वीस मिनिटं चालला की जोड तापून सुटायचा. बायमेटल लग (अल्युमिनियम आणि तांबं दोन्ही असलेला) नीट दाबून बसवला, दीडशे-दोनशेचं काम, त्यानंतर ती मोटर जळाली नाही. कॉन्टॅक्टरही उघडून बघा, मुंग्या आणि पाली आत जाऊन पट्ट्यांमध्ये चिरडतात आणि एकच पट्टी टेकत नाही, हे तुमच्याकडच्या तळमजल्यावरच्या पंप रूममध्ये सर्रास होतं.

आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवा, पण करंट बघणारा घ्या. नुसतं व्होल्टेज बघणारा स्वस्त पडतो, पण टेस्टरसारखाच तोही मोटरने परत पाठवलेल्या व्होल्टेजला फसू शकतो. आधीच बसवलेला असेल तर तो बायपास केलेला नाही ना ते तपासा. "पाणी आलं नाही" म्हणून फोन आले की पहिला वार त्याच्यावरच होतो.

प्रश्न : माझी पिठाची गिरणी आहे, दहा एचपी मोटर, मिस्टर गेल्यापासून मीच चालवते. महिन्याभरापासून मोटर चालू केली की नुसती घुमते, फिरत नाही. शेजारच्या एकाने पट्टा हाताने ओढून द्यायला शिकवलं, तसं केलं की चालू होते. चालेल का असं?
— एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : ताई, नाही चालणार, आणि कृपा करून उद्यापासून तो पट्टा हाताने ओढू नका. ज्यांनी शिकवलं त्यांनी मदत म्हणूनच शिकवलं असेल, पण पट्टा आणि पुलीच्या मधे ओढणी किंवा पदर सापडला तर मोटर थांबत नाही.

घुमते पण फिरत नाही याचा अर्थ एक फेज येतच नाहीये. तिन्ही फेज असले की मोटरच्या आत फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ती आपोआप फिरते, दोनच असले की ते क्षेत्र जागच्या जागी धडधडतं, मोटरला कुठल्या बाजूला जायचं ते कळत नाही. हाताने धक्का दिला की ज्या बाजूला दिला त्या बाजूला ती निघते, म्हणून तुम्हाला वाटतं दुरुस्त झाली. पण ती दोन फेजवरच दळतेय, आणि महिनाभर टिकली म्हणजे तुमचं दळण बहुधा हलकं आहे, दिवाळीच्या भाजणीची गर्दी आली असती तर पहिल्याच दिवशी गेली असती.

वायरमनला आधी फ्यूज बघायला सांगा. गिरण्यांमध्ये अजून किटकॅट फ्यूज असतात आणि त्यात जाईल ती तार बांधलेली असते, एकीकडे बारीक एकीकडे जाड, मग बारीक असलेला फेज आधी उडतो आणि बाकीचे दोन राहतात. एक उडाला तरी तिन्हीकडची तार एकाच मापाची नवीन टाकायची, जमलं तर एचआरसी (तयार मापाचे सीलबंद) फ्यूजच करून घ्या. नंतर स्टार्टर. पिठाची धूळ कॉन्टॅक्टवर बसते, ओलीत तिचा थर घट्ट होतो आणि एक पट्टी नीट टेकत नाही, वर ठिणगी उडाली तर पीठ पेट घेतं. स्टार्टरची पेटी झाकणबंद असावी आणि जात्यापासून लांब भिंतीवर असावी. आतली साफसफाई फुंकून करायची नाही, मेन बंद करून ब्रशने.

तुमच्याकडे स्टार-डेल्टा स्टार्टर असेल आणि ओव्हरलोड रिले वाइंडिंगच्या वाटेवर असेल तर त्याची चकती प्लेटवरच्या अँपिअरच्या ०.५८ पट ठेवायची असते. प्लेटवर १४ असेल तर रिले ८ च्या जरासा वर. बरेच जण १४ वरच ठेवतात आणि मग तो रिले असून नसल्यासारखा. हे वाक्य वायरमनला दाखवा.

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. कॉम्प्रेसर सकाळी छान चालतो, दुपारी दोन-अडीचनंतर ओव्हरलोड पडतो. व्होल्टेज ४१५, ४१० आणि ३९३ आहे. महावितरणच्या माणसाने पाहून सांगितलं की सगळं मर्यादेत आहे. मग चूक कोणाची?
— वर्कशॉप मालक, रबाळे

उत्तर : तो माणूसही बरोबर आहे आणि तुमची तक्रारही बरोबर आहे. लो टेन्शनला, म्हणजे तुमच्यासारख्या कमी दाबाच्या जोडणीला, व्होल्टेज अधिक-उणे ६ टक्के चालतं, ४१५ चं धरलं तर ३९० ते ४४० पर्यंत, आणि तुमची तिन्ही रीडिंग त्यात बसतात. पण मोटरला प्रत्येक आकडा वेगळा कळत नाही, तिला तिघांमधला फरक कळतो.

तिघांची सरासरी काढा, ४०६. सरासरीपासून सगळ्यात लांब कोण, ३९३, फरक १३. तेरा भागिले चारशे सहा, म्हणजे ३.२ टक्के असंतुलन. ऐकायला कमी वाटतं, पण करंटमधला फरक याच्या सहा ते दहा पट होतो, आणि तापण्याचा ढोबळ नियम असा की असंतुलनाचा वर्ग करायचा आणि दुप्पट करायची, ३.२ चा वर्ग दहाच्या जरा वर, दुप्पट वीस, म्हणजे वाइंडिंग साधारण २० टक्के जास्त तापणार. त्यात दुपारचं पत्र्याखालचं ऊन. एक टक्क्याच्या वर गेलं की मोटरवरचा लोड कमी करावा आणि पाचच्या वर तर चालवूच नये असं मोटरच्या जगात मानतात.

आता चूक तुमच्या आत की बाहेर हे शोधायला एक जुनी युक्ती आहे, ती मला फार आवडते कारण त्यात भांडायला जागाच उरत नाही. तिन्ही तारांवरचा करंट लिहून घ्या, कोणत्या तारेला जास्त आहे ते. मग मेन बंद करून मोटरच्या तिन्ही तारा एकेक घर सरकवा, आर च्या जागी वाय, वाय च्या जागी बी, बी च्या जागी आर. तिन्ही एकाच दिशेने सरकवल्या की मोटर उलटी फिरत नाही, दोनच बदलल्या तर फिरते, हे लक्षात ठेवा. परत चालू करून करंट मोजा. जास्तीचा करंट आधीच्याच फेजवर राहिला तर दोष सप्लायचा, मोटरच्या त्याच तारेबरोबर सरकला तर दोष वाइंडिंगचा.

सप्लायचा निघाला तरी लगेच कंपनीला फोन नको, आधी स्वतःच्या शेडमध्ये फिरा. दुपारच्या पाळीत वेल्डिंग सुरू होतं का? जुने वेल्डिंग ट्रान्सफॉर्मर दोन फेजवर चालतात आणि बहुतेक शेडमध्ये सगळेच्या सगळे सोयीसाठी त्याच दोन फेजवर जोडलेले असतात. एसी, कूलर, लाईट हेही कोणी एकाच फेजवर ढकललेत का बघा. वेल्डिंग बंद ठेवून व्होल्टेज मोजा, मग चालू करून मोजा, आणि दोन्ही वेळा मीटरजवळही मोजा आणि कॉम्प्रेसरजवळही मोजा. मीटरजवळ ४१०, ४०९, ४०७ आणि कॉम्प्रेसरजवळ ३९३ असं दिसलं तर ते मधले १४-१५ व्होल्ट तुमच्याच एखाद्या जोडात उष्णता होऊन जळतायत. मीटरच्या येणाऱ्या बाजूलाच फरक असेल, तेही वेल्डिंग बंद असताना, तर वेळेसकट रीडिंगचा कागद करून लेखी तक्रार द्या, तोंडी दिलेली तक्रार हवेत विरते.

एक गोष्ट परत सांगतो, ओव्हरलोडची चकती वाढवू नका. तो रिले रोज दुपारी तुम्हाला हेच सांगतोय.

प्रश्न : रस्त्यातली केबल तुटली होती, जोड मारून लाईट आली, पण तेव्हापासून लिफ्ट चालत नाही. जनरेटरवर मात्र चालते.
— घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : जोड मारताना दोन फेजची अदलाबदल झाली असणार. लिफ्टच्या कंट्रोलरमध्ये फेजचा क्रम बघणारा रिले असतो, क्रम उलटा आला की तो लिफ्ट सोडतच नाही, बरंच आहे ते. लिफ्टवाला येऊन लिफ्टच्याच दोन तारा बदलून जाईल आणि लिफ्ट चालेलही, पण तसं करू देऊ नका, मग जनरेटरवर बंद पडेल. बदल करायचा तो इमारतीच्या मेन इनकमरला (बाहेरून वीज जिथे आत येते तो मुख्य स्विच), फेज सिक्वेन्स मीटर लावून. आणि तोवर पाण्याचे पंप बघा, ते बिचारे उलटे फिरत असतील. उलटा पंपही थोडं पाणी देतो म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, फक्त टाकी भरायला एकाएकी दुप्पट वेळ लागतो.

प्रश्न : आमच्या चार मजली बिल्डिंगमध्ये रविवारी संध्याकाळी एका घरात ट्यूब एकदम मंद, त्याच वेळी समोरच्या घरात दिवे डोळे दिपतील इतके प्रखर, आणि दहा मिनिटांत तीन टीव्ही आणि एक फ्रिज गेला. मीटर रूममधल्या माणसाने फेज बदलून दिला तरी तेच. हे काय होतं?
— एक रहिवासी, कळवा

उत्तर : हा न्यूट्रल तुटल्याचा प्रकार आहे. फेज गेला असता तर एक तृतीयांश घरं नुसती अंधारात गेली असती, नुकसान झालं नसतं. एकीकडे मंद आणि त्याच क्षणी दुसरीकडे प्रखर, हे न्यूट्रलशिवाय दुसऱ्या कशाने होत नाही, त्यामुळे फेज बदलून उपयोग झाला नाही.

न्यूट्रल असतो तेव्हा प्रत्येक घराला स्वतंत्र २४० मिळतात. तो तुटला की दोन फेजवरची घरं एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि त्यांच्यात ४१५ व्होल्ट वाटले जातात, पण समान नाही, ज्याचा लोड कमी त्याला जास्त. हिशोब सोपा आहे, एका घरात १००० वॅटची इस्त्री आणि दुसऱ्यात १०० वॅटचा बल्ब एवढंच चालू धरलं तर इस्त्रीला ३८ व्होल्ट मिळतील आणि बल्बला ३७७. ज्याने काटकसरीने एकच टीव्ही लावला होता त्याचाच टीव्ही जातो, म्हणून मला हा दोष सगळ्यात अन्यायाचा वाटतो.

असं दिसलं की कारण शोधत बसायचं नाही, जो जवळ असेल त्याने इमारतीचा मेन पाडायचा आणि मग १९१२ ला फोन करायचा. जिन्यातल्या प्रत्येकाला मेन कुठे आहे हे माहीत असावं, रखवालदारालाही. आणि कोणी "तात्पुरता न्यूट्रल अर्थिंगला जोडून देतो" म्हणाला तर त्याला हात लावू देऊ नका, अर्थिंग कमजोर असेल तर सगळ्यांच्या फ्रिज-गीझरच्या अंगावर करंट येईल आणि पहिला हात बहुतेक ओल्या बाथरूममधला असेल.

दुरुस्तीच्या वेळी न्यूट्रलच्या वाटेत फ्यूज घातलेला नाही ना ते पाहायला लावा, तिथे घट्ट आवळलेली लिंकच (धातूची पट्टी) हवी. न्यूट्रलची तार फेजपेक्षा बारीक असेल तर बदलून घ्या, हल्ली एलईडी, इन्व्हर्टर, चार्जर यांच्यामुळे तिन्ही फेजचे काही करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना काटत नाहीत, उलट बेरीज होतात, आणि जुन्या बिल्डिंगमधली बारीक न्यूट्रल तापत राहते. काम झालं की आधी एकाही घराचा मेन चढवायचा नाही. मीटर रूममध्ये तिन्ही फेज ते न्यूट्रल मोजायचं, मग जिन्यातले दिवे आणि पंप असा थोडा लोड टाकून परत मोजायचं, तिन्ही रीडिंग हलली नाहीत तर एकेक मजला चालू करायचा, आणि ज्यांचे टीव्ही वाचलेत त्यांना शेवटी.